पेलेट स्टोव्हमधली हवेची वाट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या घरी परसात एक भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्याला तळाशी एका बाजूने भोक पाडलेले होते. आई त्या भोकातून एक जाड काठी आडवी आत सरकवायची, डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची आणि वखारीतून आणलेला भुसा भोवतीने ठासून भरायची. मग काठी आणि बाटली अलगद फिरवत काढून घेतली की भुशामध्ये हवेसाठी काटकोनात वळलेली वाट तयार होई आणि खालून पेटवलेली ती शेगडी दोन-तीन तास एकसारखी जळत राही. भुसा सैल राहिला असेल तर तो मध्येच ढासळून वाट बुजायची आणि स्वयंपाकघरापर्यंत धूर यायचा. आज मी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात राहते, आणि येथे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत आमच्या बैठकीच्या खोलीत जे यंत्र जळत असते तेही भुसाच जाळते. त्याला पेलेट स्टोव्ह म्हणतात. चार हिवाळे त्याची साफसफाई आणि बरीचशी दुरुस्ती स्वतः केल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की या यंत्राचे सुटे भाग समजून घ्यायचे असतील तर आधी त्याच्यातली हवेची वाट समजून घ्यावी. बाकीचे सारे भाग त्या वाटेच्या आजूबाजूला आपोआप जागेवर बसतात.

तरीही सुरुवात इंधनापासून करते, कारण इंधन ठरावीक आकाराचे नसते तर हे यंत्र बनूच शकले नसते. लाकूड कापण्याच्या आणि फर्निचरच्या कारखान्यांत उरलेला भुसा वाळवून, बारीक करून, पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने ढकलला की साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या आणि बोटाच्या पेराएवढ्या लांबीच्या तकतकीत कांड्या तयार होतात. त्यांत डिंक किंवा सरस घालावा लागत नाही. दाबामुळे आणि घर्षणाच्या उष्णतेमुळे लाकडातले लिग्निन हे द्रव्य मऊ पडते आणि गार होताना तेच भुशाला घट्ट धरून ठेवते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. चांगल्या प्रतीच्या पेलेटमध्ये ते ८ टक्क्यांच्या आत असते. येथे पेलेट ४० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८ किलोंच्या पिशव्यांतून मिळतात आणि ५० पिशव्यांचा एक अमेरिकी टन धरतात. एका किलोतून साधारण पावणेपाच युनिट उष्णता निघते, त्यामुळे एक पिशवी दोन गॅलनांहून थोड्या अधिक हीटिंग ऑइलची, म्हणजे घर तापवायच्या तेलाची, बरोबरी करते. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर असे इंधन शोधले जाऊ लागले, आणि घरात वापरता येईल असा पेलेट स्टोव्ह १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यातल्या जेरी व्हिटफील्ड या विमान-अभियंत्याने पुढे आणला. विमानाच्या क्षेत्रातल्या माणसाला हे सुचले याचे मला आता मुळीच नवल वाटत नाही, कारण या यंत्रात महत्त्वाचे आहे ते हवेचे वाहणे.

स्टोव्हच्या वरच्या भागात पेलेट ओतण्याचे होपर असते. पाभरीच्या चाड्यात बी सोडतात तसे आपण त्यात पेलेट सोडतो. फरक इतकाच की चाड्यात शेतकऱ्याची मूठ बियाण्याचे प्रमाण राखते आणि येथे ते काम खालचे मळसूत्र करते. होपरच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे पेलेट स्वतःच्या वजनाने तळाशी घरंगळतात आणि ऑगर नावाच्या पोलादी मळसूत्राच्या तोंडाशी येतात. आमच्या स्टोव्हमध्ये हे मळसूत्र एका तिरप्या नळीत बसवलेले आहे. त्याला फिरवणाऱ्या छोट्या मोटारीला दात्यांची पेटी जोडलेली असल्यामुळे ते मिनिटाला जेमतेम एक ते चार फेरे इतक्या संथ गतीने फिरते. ही गती कमी-जास्त होत नाही. आच वाढवायची असेल तेव्हा कंट्रोल बोर्ड, म्हणजे यंत्राचे सारे भाग चालू-बंद करणारी विजेची पाटी, मोटार जास्त वेळ चालू ठेवतो आणि आच उतरवायची असेल तेव्हा तिला जास्त वेळ थांबवतो. मंद आचेवर आमचे मळसूत्र दोन-अडीच सेकंद फिरते, दहा-बारा सेकंद थांबते आणि पुन्हा फिरते. प्रत्येक वेळी पाच-सात कांड्या नळीच्या वरच्या टोकावरून सुटून खालच्या घसरगुंडीवर पडतात, आणि रात्री घर शांत असताना पत्र्यावर मूठभर हरभरे टाकावेत तसा तो आवाज वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येतो.

मळसूत्र तिरपे असण्याला आणि पेलेट वरून खाली पडण्याला एक कारण आहे. जळत्या पेलेटपासून होपरमधल्या पेलेटपर्यंत इंधनाची अखंड रांग लागली तर विस्तव त्या रांगेवरून मागे सरकत होपरपर्यंत पोहोचू शकतो. मध्ये काही इंच मोकळी पोकळी राहिली की ही रांग तुटते. काही बनावटींत पेलेट खालून किंवा बाजूने ढकलले जातात, आणि त्याचा फायदा असा की येणारे नवे इंधन राखेला पुढे लोटत राहते. मात्र तेथे विस्तव मागे जाण्याची शक्यता अधिक असल्यामुळे अशा स्टोव्हचे झाकण, फटी बंद करणारे गॅस्केट आणि हवेचा दाब यांची जास्त काळजी घ्यावी लागते.

पेलेट पडतात ते बर्न पॉटमध्ये. हे बिडाचे भांडे आमच्याकडे आमटीच्या वाटीपेक्षा थोडेसेच मोठे आहे. एवढ्या मोठ्या खोलीला ऊब देणारा विस्तव एवढ्याशा भांड्यात मावतो हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. भांड्याच्या तळाला आणि बाजूंना भोके असतात. तळाच्या भोकांतून येणारी हवा निखाऱ्यांना मिळते. बाजूच्या, थोड्या वरच्या भोकांतून येणारी हवा पेलेटमधून सुटणाऱ्या वायूंना मिळते. लाकूड तापले की त्याच्या वजनाचा मोठा भाग वायू होऊन बाहेर पडतो आणि आपल्याला दिसते ती ज्योत मुख्यतः या वायूंची असते. त्यांना वेळेवर हवा मिळाली नाही तर तेच वायू धूर आणि काजळी होऊन निघून जातात. म्हणूनच ज्योतीकडे पाहून बरेच काही सांगता येते: पिवळीधमक, टोकांशी चपळपणे हलणारी ज्योत असेल तर हवा पुरेशी आहे, आणि नारिंगी, उंच, आळसावलेली, टोकाला काळपट झालेली ज्योत असेल तर कोठेतरी वाट अडली आहे.

विस्तव पेटवण्यासाठी बर्न पॉटच्या मागे इग्नायटर असतो. ही बोटभर लांबीची धातूची किंवा सिरॅमिकची कांडी असून तिला सुमारे ३०० वॉट वीज लागते. ती पेलेटला शिवत नाही. तिच्याभोवतून जाणारी हवा इतकी तापते की पेलेट त्या झोतानेच पेट घेतात. थंडीच्या पहिल्या दिवशी मी हे काचेसमोर बसून पाहते. आधी मळसूत्र एकदम मूठ-दीड मूठ पेलेट टाकते आणि थांबते. दोन मिनिटे काहीच दिसत नाही. मग मागच्या बाजूच्या कांड्यांच्या कडा तपकिरी होतात, त्यांवरून पांढरट धुराची एक रेघ उठून थेट वरच्या फटीकडे ओढली जाते, एका कांडीच्या टोकावर लाल ठिपका उमटतो आणि साधारण चौथ्या-पाचव्या मिनिटाला तो सारा धूर एका क्षणात ज्योत होऊन जातो. धुराची ती रेघ नीट पाहावी. ती सरळ आणि घाईने जात असेल तर यंत्र निरोगी आहे. ती भांड्याभोवती रेंगाळत, घुटमळत असेल तर ज्योत दिसण्याआधीच बिघाडाची चाहूल लागलेली असते.

तो धूर ओढणारा पंखा हा या यंत्राचा प्राण आहे. त्याला ज्वलनाचा पंखा किंवा एक्झॉस्ट ब्लोअर म्हणतात आणि तो विस्तवाच्या अलीकडे नसून मार्गाच्या शेवटी, धुराड्याच्या तोंडाशी बसवलेला असतो. लोहाराचा भाता हवा फुंकतो, हा पंखा मात्र हवा ओढतो. तो ज्वलनकक्षातली हवा बाहेर काढतो, त्यामुळे कक्षातला दाब खोलीतल्या दाबापेक्षा किंचित कमी होतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मागच्या दोनेक इंची नळीतून ताजी हवा आत येते, बर्न पॉटच्या भोकांतून वर चढते, ज्योतीला मिळते आणि उरलेल्या वायूंसह पुन्हा पंख्याकडे जाते. अशी रचना करण्यात मोठे शहाणपण आहे, कारण कक्षाला कोठे बारीक फट पडली तरी खोलीतली हवा आत जाते, धूर खोलीत येत नाही. पंख्याच्या पुढची परिस्थिती मात्र उलट आहे. तेथे दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून धुराड्याच्या दुहेरी भिंतीच्या ३ किंवा ४ इंची नळीचा प्रत्येक सांधा उष्णता सोसणाऱ्या सिलिकोनने बंद करावा लागतो. एकाच यंत्राच्या दोन टोकांना असे दोन विरुद्ध नियम लागू होतात हे मला कळायला एक अख्खा हिवाळा लागला.

कक्षात खरोखरच ओढ निर्माण झाली आहे की नाही हे व्हॅक्यूम स्विच पाहतो, आणि त्याने मला जेवढे शिकवले तेवढे दुसऱ्या कोणत्याच भागाने शिकवले नाही. ही प्लास्टिकची चपटी डबी असते. तिच्यात एक पातळ पडदा असतो आणि एका बारीक सिलिकोनच्या नळीने ती कक्षाच्या मागे असलेल्या एका तोटीला जोडलेली असते. कक्षातला दाब उतरला की पडदा ओढला जातो आणि आतला विजेचा संपर्क जुळतो. यासाठी लागणारा दाबातला फरक पाण्याच्या एक-दोन मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढाच असतो. मळसूत्राच्या मोटारीची वीज या संपर्कातून जाते, त्यामुळे ओढ नसेल तर इंधन पडत नाही. दार उघडे राहिले, धुराडे बर्फाने बुजले किंवा पंखा बंद पडला तरी निदान नवे पेलेट तरी विस्तवात जाऊ नयेत, यासाठी ही सोय आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, बाहेर उणे २० अंश असताना आमचा स्टोव्ह पेटायचा, दहा मिनिटे जळायचा आणि विझायचा. मळसूत्र मध्येच थांबत होते. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने मोटार गेली असे सांगून नवी मोटार बसवली. दोन दिवसांनी तेच पुन्हा घडले, तेव्हा त्याने आता कंट्रोल बोर्ड बदलावा लागेल असे फोनवर सांगितले. त्या रात्री आईशी बोलताना मी हे सारे सांगितले. तिने हा स्टोव्ह कधी पाहिलेला नाही. ती म्हणाली, "अगं, जळण नीट आहे ना? मग वाट बुजली असणार. आधी वाट बघ." दुसऱ्या दिवशी मी स्टोव्ह पूर्ण गार होऊ दिला, प्लग काढला, माहितीपुस्तिकेतली विजेच्या तारांची आकृती समोर ठेवली आणि मोटारीची तार कोठून येते ते बोटाने मागे मागे शोधत गेले. ती व्हॅक्यूम स्विचपाशी पोहोचली. तेथली नळी तोटीवरून काढून तोटीत सरळ केलेला पेपरक्लिप घातला, तेव्हा पेन्सिलच्या शिसाएवढा जाड, राखाडी, दाबून बसलेला राखेचा बोळा बाहेर आला. नळी पुन्हा जोडली आणि त्या दिवसापासून मळसूत्र थांबले नाही. जुनी मोटार चांगली होती. ती मी बाजूला ठेवली आहे आणि आजही ती फिरते.

या प्रसंगावरून दोन सूचना आवर्जून कराव्याशा वाटतात. तोटी साफ करताना नळी आधी स्विचपासून वेगळी करावी आणि स्विचच्या बाजूला फुंकर मुळीच मारू नये, कारण आतला पडदा तेवढ्यानेही बिघडतो. आणि स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून स्टोव्ह चालू करण्याचा जो मार्ग काही जण सुचवतात तो कधीही अवलंबू नये. त्यामुळे स्टोव्ह चालतो हे खरे, पण धुराडे बुजलेले असतानाही इंधन पडत राहते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. आमच्याकडे त्याची सूचना देणारी दोन यंत्रे आहेत, एक स्टोव्हच्या खोलीत आणि एक निजायच्या खोल्यांबाहेर.

आता ऊब खोलीत कशी येते ते पाहू. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत विस्तव असतो आणि भोवतीचे पाणी तापते. स्टोव्हमध्ये याच्या उलट मांडणी असते: ज्योतीच्या वर आडव्या नळ्यांची रांग असते, नळ्यांच्या बाहेरून तप्त वायू जातात आणि आतून खोलीची हवा जाते. ती हवा ढकलण्यासाठी दुसरा, वेगळा पंखा असतो. आपल्या अंगावर येणारी हवा आणि विस्तवाला मिळणारी हवा यांची कोठेही भेट होत नाही, मध्ये नेहमी पोलादाची भिंत असते. नळ्यांवर राखेचा पातळ थर बसला तरी उष्णता अडते आणि धुराड्यातून बाहेर जाते, म्हणून आमच्या स्टोव्हला एक दांडी दिलेली आहे; ती पुढे-मागे ओढली की नळ्यांवरून खरवडणी फिरते. दिवसातून एकदा, स्टोव्ह गार असताना, हे अर्ध्या मिनिटाचे काम करावे.

उरलेले पहारेकरी लहान आहेत. दोन-तीन ठिकाणी नाण्याएवढ्या थर्मल स्विचच्या चकत्या लावलेल्या असतात. त्यांच्या आत दोन धातूंची जोडलेली फुगीर चकती असते आणि ठरलेल्या तापमानाला ती टचकन उलट बाजूला वळून वीज जोडते किंवा तोडते. धुराड्याजवळची चकती विस्तव खरोखर पेटला हे कंट्रोल बोर्डला कळवते. ठरलेल्या वेळात तसा निरोप आला नाही तर स्टोव्ह बंद होतो. होपरजवळची चकती तो भाग जास्त तापला तर मळसूत्र थांबवते, आणि ती बहुधा हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. बटण दाबण्याआधी तिने वीज का तोडली याचा शोध घ्यावा.

दाराचे गॅस्केट म्हणजे काचतंतूंचा विणलेला दोर. तो दबून कडक झाला की दारातून फुकट हवा आत शिरते. ती बर्न पॉटमधून न जाता थेट पंख्याकडे जाते आणि ज्योत आळसावते. कागदी नोट दारात धरून दार लावावे आणि ओढून पाहावी: ती सहज निसटली तर त्या जागी दोर बदलायची वेळ झाली आहे.

हे सारे विजेवर चालते आणि यातच या स्टोव्हचा खरा कमकुवतपणा आहे. वीज गेली की पंखा थांबतो, भांड्यातले मूठभर पेलेट मात्र जळतच राहतात आणि त्यांचा धूर वाट मिळेल तिकडे जातो. धुराड्याला घराबाहेर काही फूट उभी चढण दिलेली असेल तर गरम धूर स्वतःहून वर जातो. नळी भिंतीतून आडवीच बाहेर काढली असेल तर तो खोलीत येऊ शकतो. आम्ही संगणकाला लावतात तसा बॅटरीचा संच जोडला आहे. तो स्टोव्हला रात्रभर चालवू शकत नाही, पण विस्तव नीट विझून धूर बाहेर जाईपर्यंत पंखा फिरता ठेवतो, आणि तेवढे पुरेसे आहे.

शेवटी राख. चांगल्या पेलेटच्या एका पिशवीतून जेमतेम १०० ग्रॅम राख निघते. साल किंवा माती मिसळलेल्या पेलेटची राख जास्त असते आणि त्यातली वाळू व क्षार तापून वितळतात, मग बर्न पॉटच्या तळाशी काचेसारखा खडा तयार होतो. तो भोके बुजवतो, म्हणजे पुन्हा हवेचीच वाट अडते. महाराष्ट्रात बॉयलरसाठी बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, आणि भुईमुगाच्या टरफलांच्या कांड्या बनतात, त्या अशा स्टोव्हमध्ये चालतील का, असे मला गावाकडून कोणीतरी विचारले होते. चालणार नाहीत: या छोट्या भांड्याला तेवढी राख पेलवत नाही, आणि भाताच्या तुसात तर वजनाच्या १५ ते २० टक्के राख असते. काढलेली राख मी झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर ठेवते, कारण राखेच्या पोटात निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो.

एप्रिलच्या अखेरीस स्टोव्ह बंद करताना होपर पूर्ण रिकामे करावे लागते. पावसाळी हवेत पेलेट ओल धरतात, फुगतात, फुटून पुन्हा भुसा होतात आणि मळसूत्राच्या नळीत सिमेंटसारखे घट्ट बसतात. मी ज्वलनाचा पंखा उतरवून त्याची पाती ब्रशने घासते, कक्षाच्या मागच्या भिंतीवर रबरी हातोडीने हलके ठोके देऊन आडोशाला साठलेली राख खाली पाडते, धुराड्यातून ब्रश फिरवते आणि बाहेरच्या तोंडाशी जाळी लावते, म्हणजे उन्हाळ्यात पक्षी घरटे करत नाहीत. होपरच्या तळाशी ओंजळभर बारीक भुसा नेहमी उरतो. तो मी वाटीने काढते आणि मागच्या अंगणातल्या ब्लूबेरीच्या झुडपांच्या बुंध्याशी पसरते.